आधी खाडी, मग बुर्ज

"तीन रात्री, चार दिवस. पहिल्या संध्याकाळी मरीनात बोटीवरचं जेवण. दुसऱ्या दिवशी सिटी टूर, दुबई मॉल आणि बुर्ज खलिफा. तिसऱ्या दिवशी म्युझियम ऑफ द फ्यूचर, दुबई फ्रेम आणि दुपारनंतर डेझर्ट सफारी. चौथ्या दिवशी सोन्याची खरेदी आणि विमान. टूरवाल्यानं सगळं लिहूनच दिलंय. मुलांना दिवाळीची सुट्टी आहे, आई बरोबर आहेत. आता यात तुम्ही काही काढूघालू नका, भाऊजी."

वहिनी, यातलं काढायचं फार थोडं आहे. बदलायची आहे ती सुरुवात. टूरवाल्यानं दिलेली ही ठिकाणांची यादी आहे, आणि यादीतली नावं नकाशावर मांडली की तिची अडचण लगेच दिसते. दुबई हे मधोमध चौक आणि भोवती वस्ती असं शहर नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि मधे लांबच लांब पट्टी, असा त्याचा आकार आहे. पट्टीच्या एका टोकाला देरा आणि बर दुबई, पार दुसरीकडे मरीना; मधलं अंतर तीस किलोमीटरच्या पुढं. त्यातून जाणारा शेख झायेद रस्ता इतका रुंद, की पायी ओलांडायचा तर बहुतेक ठिकाणी मेट्रोच्या पुलावरूनच. तुमची पहिली संध्याकाळ या टोकाला, शेवटची सकाळ त्या टोकाला आणि मधले दोन दिवस पट्टीवर पुढंमागं. म्हणजे आईंचा आणि मुलांचा बराच वेळ हॉटेलच्या लॉबीत गाडीची वाट बघण्यात आणि रस्त्यात जाणार. त्यापेक्षा मुक्काम खाडीजवळ, बर दुबईत किंवा देऱ्यात ठेवा. पहिला अख्खा दिवस खाडीला द्या आणि मग तिथून पट्टीनं पुढं सरका. शहर ज्या क्रमानं वाढलं त्याच क्रमानं ते पाहायचं, एवढंच माझं म्हणणं आहे. तसं केलं तर तीन दिवसांत त्याची ओळख होते. नाहीतर उंच इमारतींचे फोटो जमतात आणि ही गर्दी इथं वाळूत कशासाठी जमली, हे कळतच नाही.

"पण होड्या, मसाल्याचा बाजार, सोनारांची गल्ली हे आपल्याकडे नाही का? ससून डॉक आहे, मशीद बंदर आहे, झवेरी बाजार आहे. तेच बघायला व्हिसा काढून परदेशात जायचं? आपल्याकडे जे नाही ते बघायला माणूस जातो, भाऊजी."

हा आक्षेप वजनदार आहे, तो मी उडवून लावणार नाही. फक्त बाजार बघायचा असेल तर खरंच मुंबई पुरे. पण देऱ्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की दिसतो तो आपल्याच इतिहासाचा दुसरा काठ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रापलीकडच्या इराणी बंदरांत जकात वाढली, तेव्हा दुबईच्या शेखांनी आपल्याकडची जकात सोडून दिली आणि तिकडचे व्यापारी गलबतांसकट इकडे आले. तेलाचं तेव्हा नावही नव्हतं. होते ते मोती, आणि ते विकले जायचे मुंबईत. १९०९ मध्ये दुबईत पोस्ट ऑफिस उघडलं ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं. पत्रांवर तिकिटं आपली. व्यवहार रुपयांत चालायचा. १९५९ मध्ये तर आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या. कारण सरळ होतं: दुबईहून गलबतांनी सोनं चोरून इकडे येत होतं, त्याच्या मोबदल्यात रुपये तिकडे जात होते आणि ते रुपये परत येऊन आपली परकीय गंगाजळी आटवत होते. पुढं ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईनं रुपया सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये. लहानपणापासून आपण 'दुबईचं सोनं' ऐकत आलो, त्या दोन शब्दांमागं ही एवढी गोष्ट आहे आणि ती घडली त्या खाडीवर. ती बुर्जाच्या गच्चीवरून कळत नाही.

दुसरा पुरावा तारखांचा. तेलाच्या पैशावर दुबई उभी राहिली, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण तेल सापडलं १९६६ मध्ये आणि पहिलं जहाज भरून गेलं १९६९ मध्ये. खाडी उपसली ती त्याच्या आधी. खाडीच्या तोंडाशी गाळ साचून मोठी गलबतं आत येईनाशी झाली होती. बंदर गेलं असतं तर गाव गेलं असतं. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढलं आणि १९५९ च्या सुमारास गाळ काढायला घेतला. पुढं १९७२ चं रशीद बंदर, १९७९ चं जेबेल अली बंदर, १९८५ ची विमान कंपनी, हा सगळा त्याच व्यवहाराचा विस्तार आहे. आधी कर्ज काढून वाट मोकळी करायची, मग जग त्या वाटेनं येतं. बुर्जाची गोष्टही याच वळणाची. इमारत पूर्ण होत आली आणि २००९ मध्ये शहर कर्जानं घायकुतीला आलं. डिसेंबरात अबू धाबीनं १० अब्ज डॉलरचा हात दिला. ४ जानेवारी २०१० ला उद्घाटनाच्या वेळी 'बुर्ज दुबई' हे ठरलेलं नाव बदलून अबू धाबीच्या शासकांचं, शेख खलिफांचं नाव दिलं गेलं. खाडी आधी पाहिलेली असेल, तर ८२८ मीटरचा तो मनोरा नुसता विक्रम वाटत नाही. तिथं या शहराचं धाडस दिसतं आणि त्या धाडसाची किंमतही दिसते. म्हणून बुर्ज यादीतून काढा असं मी म्हणत नाही. तो तिसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे वरून मुलांना बोटानं दाखवता येईल: ती बघा खाडी, काल आपण तिथून होडीनं गेलो.

"बरं. पण ते जुनं तरी कुठं खरं आहे? सगळं पाडून पुन्हा नव्यानं जुन्यासारखं बांधलंय म्हणतात. देखावाच बघायचा तर मॉलमधला काय वाईट, निदान थंड तरी असतो."

अर्धं खरं आहे. खाडीकाठी अल सीफ नावाचा भाग आहे, तो अलीकडे बांधलेला आहे. भिंती मुद्दाम विटक्या केल्यात, लाकूड मुद्दाम जुनं दिसतं. संध्याकाळी फिरायला छान जागा, पण जुनं म्हणून ती बघू नये. तिथून चालत थोडं पुढं गेलं की अल फहिदी लागतं. जुनं नाव बस्तकिया, कारण इराणातल्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते वसवलं. ते मात्र जुनं आहे, डागडुजी केलेलं पण जुनं. तेही गेलंच होतं जवळजवळ. १९८० च्या दशकात त्यातला मोठा भाग पाडला आणि उरलेलाही पाडायचं ठरलं होतं. काही जणांनी हट्ट धरला, १९८९ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स येऊन बघून गेले, आणि उरलेलं वाचलं. तिथल्या घरांवरचे बारजील, म्हणजे वारा पकडणारे बुरूज, मुलांना नीट दाखवा. चौकोनी बुरूज, चारही बाजूंनी उघडा, आणि आत फुलीच्या आकाराच्या दोन भिंती. वारा कुठूनही येवो, एका कप्प्यात अडकून खाली खोलीत उतरतो आणि खोलीतली गरम हवा पलीकडच्या कप्प्यातून वर निघून जाते. बुरुजाच्या बरोबर खाली उभं राहून मान वर केली की आकाशाचे चार तुकडे दिसतात आणि कपाळाला वारा लागतो. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या. जवळून पाहिलं तर दगडावर प्रवाळाची नक्षी तशीच आहे. वीज नसताना माणसं इथं कशी राहिली, याचं उत्तर त्या खोलीत उभं राहून मिळतं. मॉलमधल्या थंडाव्यामागं समुद्राचं पाणी गोडं करणारे आणि वीज करणारे अवाढव्य प्रकल्प आहेत, ते कुणाला दिसत नाहीत.

आणि होडी. तिला आबरा म्हणतात. लाकडाची, वर छप्पर, मधे लांब बाक. माणसं त्यावर पाठीला पाठ लावून, तोंड पाण्याकडे करून बसतात. नावाडी मधल्या खोलगट जागेत असतो. वीसेक माणसं झाली की होडी सुटते, पाचेक मिनिटांत पलीकडे. भाडं एक दिरहम, आपले पंचवीस रुपयांच्या आसपास, तेही नावाड्याच्या हातात. शेजारी कोण बसेल ते सांगता येत नाही: दुकानातला पोऱ्या, केरळची नर्स, आपल्यासारखंच एखादं पर्यटक कुटुंब. मरीनातल्या बोटीवर जेवण मिळेल, गाणी मिळतील, पण ती बोट माणसांना कामावर नेत नाही. पलीकडे देऱ्याच्या बाजूला मालाची गलबतं लागतात. कच्छमधल्या मांडवीला बांधलेली गलबतंही या समुद्रात अजून फिरतात. दोन्ही बोटी जमणार नसतील, तर माझं मत एक दिरहमवालीला.

"आणि उन्हाचं काय? आईंचे गुडघे, धाकट्याची कुरकुर. तुमची खाडी, तुमच्या गल्ल्या, सगळं पायी. टूरमध्ये निदान दारातून गाडी उचलते."

ऊन हाच तर आखणीचा पाया धरायला हवा, आणि टूरच्या यादीत त्यालाच जागा नाही. तिथल्या सरकारनं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी घातलेली आहे. जिथं कायदा माणसाला त्या वेळी सावलीत बसवतो, तिथं मे-जूनच्या सुट्टीत फिरायला जाऊच नये, विमानाचं तिकीट कितीही स्वस्त असो. तुम्ही दिवाळी निवडलीत ते उत्तम झालं. नोव्हेंबरातही दुपार तिशीच्या पुढं जाते, पण सकाळ-संध्याकाळ सुखाची. तेव्हा दिवसाचे तीन भाग करा. सकाळी लवकर उघड्यावरचं: फहिदी, होडी, मसाल्याची गल्ली. बाजारातली बरीच दुकानं तशीही दुपारी बंद असतात. दुपारी छपराखालचं: शिंदग्याला खाडीकाठच्या जुन्या घरांतच संग्रहालय केलंय, खाडीतून शहर कसं जन्मलं ते तिथं नीट मांडलेलं आहे, नाहीतर सरळ हॉटेलवर जाऊन आईंना झोपू द्या. ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. अशा दिवसात एका वेळचं चालणं तास-दीड तासाच्या वर जात नाही. राहिला गाडीचा प्रश्न. २००९ पासून मेट्रो आहे, चालकाशिवाय चालते, आणि तिची हिरवी लाइन खाडीच्या खालून जाते. नोल नावाच्या साध्या प्रवास कार्डावर लांबात लांबच्या प्रवासालाही साडेसात दिरहम. बायका-मुलांसाठी वेगळा डबा आहे. डब्यात खाणं-पिणं मात्र नाही, १०० दिरहम दंड होतो, तेव्हा धाकट्याचा खाऊ उतरल्यावर. मेट्रोच्या स्टेशनपासून दुबई मॉलपर्यंत जायला बंद, थंड पूल आहे, पण तो चांगला लांब आहे. त्या दिवशी आईंसाठी टॅक्सी करा. हा खर्च टूरच्या पैशांपेक्षा कमीच होईल आणि कुठं किती थांबायचं ते तुमच्या हातात राहील.

"सोनं तरी घेऊ द्याल ना?"

घ्या, पण हौसेसाठी घ्या, नफ्यासाठी नको. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडचं सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, तेव्हाच तिकडच्या खरेदीतला मोठा फायदा गेला. शिवाय बाईमाणसाला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात ही सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांची आहे; चार दिवसांच्या पाहुण्याला ती नाही. तिथला ५ टक्के व्हॅट पर्यटकाला बराचसा परत मिळतो, पण पावती आणि विमानतळावरचे सोपस्कार नीट सांभाळावे लागतात. भाव रोजचा लावलेला असतो, घासाघीस करायची ती मजुरीवर. मुलांना तिथली ६४ किलोची अंगठी दाखवा. सोन्याच्या बाजारासाठी शेवटची सकाळ राखून ठेवायचं कारण नाही. तो देऱ्यातच आहे, होडीतून उतरून चालत जाण्यासारखा. म्हणजे ती सकाळ मोकळी झाली. ती रास अल खोरला द्या. खाडी जिथं संपते तिथं पाणथळ आहे, हिवाळ्यात रोहित येतात, बघायला आडोसे बांधलेत आणि पैसे पडत नाहीत. ठाण्याच्या खाडीतले रोहित आपण लांबून बघतो. ही दोन्ही पाणथळं जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आहेत, रास अल खोर २००७ पासून आणि ठाण्याची खाडी २०२२ पासून. मुलांना हे सांगा.

सफारीबद्दल थोडक्यात. टेकड्यांवरून गाडी उडवत नेण्याचा तो प्रकार आईंच्या पाठीला झेपणार नाही, आणि वाळवंट म्हणजे गाडी उडवायची जागा, एवढीच समजूत मुलांनी घेऊन यावी असं मला वाटत नाही. दुबईत सव्वादोनशे चौरस किलोमीटरचं राखीव वाळवंट आहे. तिथं ओरिक्स दिसतात, लांब सरळ शिंगांची पांढरी हरणं. १९७२ मध्ये ती रानातून पार संपली होती. पाळलेल्या कळपांतून ती पुन्हा मोकळी सोडली. तिकडे सावकाश जाणारी गाडी घ्या. महाग पडत असेल तर सफारी गाळा, पण दोनशे माणसांच्या तंबूतलं जेवण म्हणजे वाळवंट नव्हे.

"आईंना अबू धाबीचं मंदिर बघायचंय. ते तुमच्या पट्टीत कुठंच बसत नाही."

बसत नाही, आणि तरी ते ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मंदिर उघडलं तेव्हापासून त्यांच्या मनात असेल, तर कुठलीही आखणी त्याहून मोठी नाही. ते दुबई आणि अबू धाबीच्या मधल्या रस्त्यावर आहे, अर्धा दिवस जाईल. त्या बदल्यात दुबई फ्रेम आणि मरीनाची बोट सोडा. तुमच्या यादीला हरकत घेताना मी माझ्याच क्रमाचा हट्ट धरणं बरोबर नाही. कुणासाठी जातोय हे आधी, कुठं जातोय हे नंतर. इथं तुमचं बरोबर आहे.

"मग एक खरं सांगू? मला दुसरंच टोचतं. हे सगळं ज्यांनी बांधलं ते मजूर कुठं राहतात? आपल्या रत्नागिरीची, रायगडची माणसं तिथं वर्षानुवर्षं घरापासून लांब. त्यांच्या घामावर उभं राहिलेलं शहर बघायला आपण मजेनं जायचं?"

वहिनी, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हा प्रश्न टूरच्या यादीत कधी येत नाही. मजुरांच्या मोठ्या वस्तीला तिथली माणसं सोनापूर म्हणतात. ती शहराच्या कडेला आहे, पर्यटकाच्या वाटेत येत नाही. साऱ्या अमिरातींत मिळून ३५ लाखांहून जास्त भारतीय आहेत. त्यात मोठ्या पगाराचे आहेत, दुकानदार आहेत आणि एका खोलीत सहा-आठ जण राहणारेही आहेत. आपण गेलो नाही तर त्यांचं भलं होईल असं मला वाटत नाही. पण काचेच्या टोकाला उतरून काचेच्या टोकावरूनच परत आलो, तर ती माणसं जणू नाहीतच असं वागल्यासारखं होईल, आणि ते मला मान्य नाही. खाडीपासून सुरुवात करायची याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच आहे. सुट्टीच्या दिवशी देऱ्याच्या चौकांत आणि बर दुबईच्या धक्क्यावर ती माणसं असतात. पैसे पाठवण्याच्या दुकानांसमोर रांगा असतात, कुणी फोनवर घरचं लग्न बघत असतो. त्यांना बघायला जायचं नाही, त्यांचे फोटो तर मुळीच काढायचे नाहीत. एका होडीत, एका बाकावर, त्याच एका दिरहमात बसायचं. करामा भागात किंवा बर दुबईत जेवायचं, जिथं तीही जेवतात. ओळख निघाली, कुणी मराठीत बोललं, तर गाव विचारायचं. एवढ्यानं न्याय होत नाही हे मला कळतं. पण हे शहर मुलांना खरं दाखवायचं असेल, तर त्यात ही माणसं दिसायलाच हवीत.

"खाडीजवळचं हॉटेल बघते मग. टूरवाल्याला फक्त व्हिसा आणि तिकीट सांगते. आणखी काही?"

दोन गोष्टी. आईंच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि कुठली गोळी तिथं चालत नाही ते आधी बघून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी अशा औषधांना तिथं आधी परवानगी लागते. आणि खसखस. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, तिथं तिच्यावर बंदी आहे. कुणाच्या घरी फराळ न्यायचा असेल, तर अनारसे नेऊ नका, आणि करंजीच्या सारणातही खसखस असते.

"मग चकल्या आणि शंकरपाळे नेते. होडीला सुटे दिरहम लागतील ना?"

लागतील. पाच माणसांचे जाऊन-येऊन दहा.